चतुराचा भाद्रपद

भाद्रपदात पावसाने जरा उघडीप दिली की आमच्या शाळेच्या मैदानावर चतुर येतात. शाळा रत्नागिरीत, कातळावर. ऊन पडलं की काळा दगड तापतो, त्यातून वाफ निघते आणि त्या वाफेवर हे चतुर तरंगत राहतात. पिवळट, साधे, कुठेही दिसणारे. मधल्या सुट्टीत मुली ओढण्या फिरवत त्यांच्यामागे धावतात. परवा सातवीतल्या एकीने एक चतुर पकडला, त्याच्या शेपटीला दोरा बांधला आणि दोऱ्याच्या टोकाला खडा. चतुर खड्यासकट वीतभर उठला, आपटला, पुन्हा उठला.

"बाई, बघा ना, किती ताकद आहे ह्याच्यात!"

"सोड त्याला," मी म्हटलं.

तिने लगेच सोडला. गुणी मुलगी आहे. पण खडा तेवढा काढला आणि दोरा शेपटीलाच राहिला. तो पांढरा दोरा लोंबकळत मैदानाच्या भिंतीपलीकडे गेला आणि मुली टाळ्या वाजवत वर्गात परतल्या. किती आनंदी चेहरे होते ते! मला तेच बघवत नाही. अशाच ओळखीच्या, भल्या माणसांचे चेहरे मी एका भाद्रपदात आमच्या गावात पाहिले होते. त्याला आता काही वर्षं झाली, तरी हा महिना आला की माझं जेवणावरचं लक्ष उडतं.

आमचं गाव संगमेश्वराच्या वरच्या अंगाला, जिथे सह्याद्री एकदम उभा राहतो त्याच्या पायाशी. गाडीरस्ता येतो तो पऱ्याच्या अलीकडे थांबतो. पऱ्या म्हणजे आमच्याकडचा डोंगरातून उतरणारा ओढा. त्याच्या पलीकडे आमची वाडी. उन्हाळ्यात दगडांवरून उड्या मारत जाता येतं. पावसाने जोर धरला की वाडी आणि जग यांच्यामध्ये नुसता आवाज असतो. वडील गेल्यापासून आई वाडीत एकटी राहते. मी रत्नागिरीत, माझा धाकटा भाऊ प्रकाश मुंबईत. आईला कितीदा म्हटलं, माझ्याकडे ये. ती म्हणते, "तुज्या फ्लॅटात पाय खाली सोडून बसायला पायरी नाय."

त्या वर्षी श्रावणात कल्याणी तिच्याकडे राहायला गेली. पुण्याची मुलगी, चतुरांवर संशोधन करणारी. माझ्या एका मैत्रिणीची विद्यार्थिनी. तिला सह्याद्रीच्या पायथ्याशी एखाद्या ओढ्याजवळ हंगामभर राहायचं होतं, आणि आईला घरात कोणीतरी बोलायला हवं होतं. मला वाटलं, दोघींचीही सोय होईल.

आई तशी तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी तिने कल्याणीला विचारलं, "लगीन झालंय? नाय? मंग ह्या किड्यांच्या मागं कशाला लागलीस?" पण कल्याणी ताटात पडेल ते खायची. अळूचं फदफदं दोनदा मागून घेतलं आणि तिथेच आई विरघळली. दुसऱ्या आठवड्यात मी गेले तर दोघी पऱ्याकाठी शेजारी शेजारी बसलेल्या, आईच्या डोक्यावर पावसाचं इरलं, कल्याणीच्या हातात जाळी. आई मला म्हणाली, "हळू चाल. जावई बसलाय."

जावई म्हणजे तो चतुर. मधल्या बोटाएवढा लांब, काळाभोर, अंगावर पिवळे पट्टे आणि डोळे हिरव्या काचेच्या गोट्यांसारखे. पाण्यातल्या एका दगडावर बसायचा, उगाच उठून पऱ्याच्या वळणापर्यंत पाहणी करून यायचा आणि पुन्हा त्याच दगडावर बसायचा. त्याचं लांबलचक शास्त्रीय नाव आईच्या जिभेवर बसेना, म्हणून तिने हे ठेवलं. "चार दिस येतो, रुबाब करतो, काम काय करत नाय नि जातो," ती म्हणाली. कल्याणी इतकी हसली की चतुर उडाला.

हा चतुर सह्याद्रीखेरीज जगात कुठेही नाही, हे कल्याणीने मला त्या दिवशी सांगितलं. आणि सह्याद्रीतही सगळीकडे नाही. गर्द सावलीचे, दगडाळ, उन्हाळ्यातही ओल धरून ठेवणारे मोजके ओढे, तेवढ्यांवरच. आमच्या पऱ्यावर तो असेल असं कोणाच्या गावी नव्हतं. तिने पाण्यातला एक दगड उलटा करून त्याचं पिल्लू दाखवलं. मातीच्या रंगाचं, चपटं, सहा पायांचं. ते गढुळात निपचित पडून होतं. एक बारका मासा शेजारून गेला आणि पिल्लाच्या तोंडाखालून घडीचा हात उलगडावा तसा ओठ बाहेर आला, त्याने माशाला धरलं आणि आत गेला. पापणी लवायच्या आत. मग ते सावकाश चावत बसलं. मासा अर्धा संपला तरी त्याची शेपटी हलत होती.

"बाप रे," मी म्हटलं.

"त्याला भूक लागली व्हती," आई म्हणाली. एवढंच.

कल्याणीकडे एक रुंद तोंडाची बरणी होती. तिच्यात औषधात भिजवलेला कापूस. एका दुपारी तिने एक जावई जाळीत धरला, खूप वेळ त्याच्याकडे बघितलं आणि बरणीत टाकला. तो काचेवर पंख आपटत राहिला. पंखांचा तो आवाज कोरड्या पानांसारखा होता. हिरवे डोळे आमच्या देखत तपकिरी झाले. मेल्यावर त्यांचा रंग जातो, ती म्हणाली, म्हणून मी आधी फोटो काढून ठेवते.

आई उकिडवी बसून बघत होती. "हा कशाला मारला?"

"मावशी, इथे तो आहे हे सिद्ध करायला एक तरी लागतोच. एक ठेवला की बाकीच्यांची नोंद होते."

"म्हंजे नावासाठी मारला?"

कल्याणीला ते आवडत नव्हतं, हे दिसत होतं. तरी तिने झाकण घट्ट केलं.

आता वैशालीबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. वैशाली ही सदूकाकांची सून. सदूकाका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ आणि वाडीचे गावकर. म्हणजे देवळात पहिला नारळ त्यांचा आणि गावकीच्या बैठकीत शेवटचा शब्दही त्यांचाच. कल्याणी यायच्या आदल्या वर्षी, आषाढात, भर दुपारी वैशालीच्या पोटात कळा सुरू झाल्या. दिवस भरले नव्हते. पऱ्या दुथडी भरून चालला होता. प्लास्टिकच्या खुर्चीला बांबू बांधून माणसांनी तिला उचललं आणि पाण्यात उतरले. कमरेएवढ्या पाण्यात पुढच्याचा पाय सुटला, तसे मागे फिरले. पुन्हा उतरले, पुन्हा फिरले. शेवटी काठावरच्या जांभळीखाली तिला निजवलं. तिचं डोकं आईच्या मांडीवर होतं. समोर, रस्त्याकडच्या काठाला दवाखान्याची गाडी उभी होती. तिचे वायपर चालू होते आणि ते या काठावरून स्पष्ट दिसत होते. आई सांगते, वैशाली शेवटपर्यंत त्या वायपरांकडे बघत होती. ती गेली, बाळही गेलं.

त्यानंतर पऱ्यावर साकव मंजूर झाला. माणसं चालत जातील, रुग्णाला उचलून नेता येईल एवढा छोटा पूल. मोजमाप झालं, अलीकडच्या काठावर खडी आणि सळ्या येऊन पडल्या. आणि मग काम थांबलं. कोणी काही सांगेना. सळ्या पावसात गंजायला लागल्या. नेमक्या त्याच दिवसांत एक परकी पोरगी रोज त्या पऱ्यावर बसून काहीतरी लिहीत होती.

गावच्या फोनांवर एक निरोप फिरत आला. कुठल्याशा लांबच्या गावी एका बेडकापायी धरण अडलं, असा. खरा की खोटा, देव जाणे. सदूकाका फोन हातात धरून आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आले. मी त्या रविवारी तिथेच होते. ते पायरीवर बसले नाहीत, उभेच राहिले.

"वहिनी, ही पोर काय काम करते?"

"चतुर बघते."

"नि लिवते."

"शिकायला आलीय ती. लिवणारच की."

कल्याणी पडवीतून बाहेर आली. "काका, मी कोणाकडे काही तक्रार केलेली नाही. साकवाने चतुराचं काही बिघडत नाही. खरंच सांगते. तुमचा साकव झालाच पाहिजे."

"तू गप ऱ्हा बाय. तू उद्या पुण्याला जाशील." ते आईकडे वळले. "वहिनी, तिला पाठवून दे. गनपतीच्या आधी."

"भावजी, साकव मला नको हाय व्हय? त्या पोरीचं डोकं कोणाच्या मांडीवर व्हतं?"

सदूकाकांचा चेहरा असा हलला की मला वाटलं, ते आता रडतील. ते रडले असते तर कदाचित पुढचं काहीच घडलं नसतं. पण ते म्हणाले, "म्हनून तर तुला सांगतोय. तू तरी असं करू नको."

"घरात आलेल्या पोरीला मी हाकलायची नाय."

"मंग बघ," ते म्हणाले, आणि गेले.

देवळात बैठक झाली. आईला बोलावलं नाही. काय ठरलं ते कोणी येऊन सांगितलंही नाही. पूर्वी सरळ वाळीत टाकलं असं म्हणायचे. आता कायदा झालाय, तेव्हा तो शब्द कोणी तोंडातून काढत नाही. नुसतं घडायला लागलं. दुकानात आई मीठ मागायला गेली तर मीठ संपलेलं होतं, आणि तिच्या मागून आलेल्या बाईला मिळालं. गिरणीचा पट्टा तिच्या दळणापुरता तुटला. विहिरीवर ती पोचली की बायका भरलेल्या-अर्ध्या भरलेल्या कळश्या उचलून चालू लागायच्या. रोज संध्याकाळी पायरीवर येऊन बसणारी शेजारची म्हातारी समोरून जाताना पदर तोंडावर घ्यायची. पदराआडून ती रडत असायची म्हणे. रडत होती, पण पायरीशी थांबत नव्हती.

कल्याणीने बॅग भरली. "मावशी, मी जाते. माझ्यामुळे नको."

आईने बॅग उचलून माळ्यावर टाकली. "आता तू गेलीस तर मी हरले. बस खाली. भाकऱ्या थापायला शीक."

मला फोनवर हे तुकड्यातुकड्यांनी कळत होतं. मी पोलिसात जायचं म्हटलं. आई म्हणाली, "पोलीस येतील, च्या पितील नि जातील. मंग मी ह्यांच्यात राहायची हाय." तिचं बरोबर होतं, आणि त्या बरोबर असण्याचाच मला राग यायचा.

गणपतीला मी गेले. प्रकाशही मुंबईहून आला. बायकोमुलांना यंदा आणलं नव्हतं. आल्या आल्या त्याने कल्याणीकडे बघितलंसुद्धा नाही.

"आये, एका किड्यापायी तू सगळ्या गावाशी वैर घेतलंस?"

"किड्यापायी नाय. मानसापायी."

"कोण लागते ती तुझी?"

"तू कोण लागतोस त्यांचा?" आईने देवळाच्या दिशेने मान हलवली.

प्रकाशचा आवाज चढला. मुंबईत पहिली वर्षं तो गावच्याच माणसांच्या खोलीत राहिला, सदूकाकांच्या ओळखीने नोकरीला लागला, आजारपणात त्याला दवाखान्यात नेणारेही तेच. गावकऱ्यांच्या मुंबईतल्या मंडळाने त्याला सांगितलं होतं, तू आमच्यात की आईच्यात ते गणपतीला कळू दे. हे सगळं तो ओरडून सांगत होता आणि मखरातल्या गणपतीसमोर समई शांत जळत होती. आई प्रकाशसाठी मोदकाची पारी करत होती. तिने हात थांबवला नाही.

आमच्या वाडीत गणपतीत सांज झाली की आरतीची मंडळी घरोघर फिरतात. मृदंग, टाळ, पुढे गॅसबत्तीऐवजी आता बॅटरीचा दिवा. प्रत्येक घरी आरत्या, मग काळ्या वाटाण्याची उसळ, चहा, आणि पुढचं घर. टाळांचा आवाज जवळ येऊ लागला की लहानपणी आम्ही चटया अंथरायला धावायचो. त्या दिवशीही आईने चटया अंथरल्या. उसळीचं भांडं चुलीवर ठेवलं. मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं, तरी तिने अंथरल्या. कल्याणीला तिने नवी साडी नेसवली होती.

शेजारच्या घरची आरती संपली. टाळ वाजत वाजत निघाले. आमच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कोपऱ्याशी आले, आणि थांबले. माणसं थांबली नाहीत. फक्त टाळ थांबले. मृदंगवाल्याने तळवा मृदंगावर दाबून धरला होता. सगळी वाडी आमच्या खळ्यासमोरून मुकाट्याने चालत गेली. चिखलातल्या पावलांचा तेवढा चपचप आवाज. ज्यांनी मला कडेवर खेळवलं ती माणसं, ज्यांच्या बारशात आईने पाळणे म्हटले ती पोरं. एकानेही मान वळवली नाही. गडग्याचा दुसरा कोपरा आला आणि टाळ पुन्हा सुरू झाले, आधीपेक्षा जोरात.

त्या रांगेत, शेवटून दुसरा, प्रकाश होता. दुपारी भांडून बाहेर पडला तो आम्हाला वाटलं पऱ्याकडे गेला असेल. त्याच्या हातात टाळ होते. दोन्ही टाळ त्याने आवाज होऊ नये म्हणून छातीशी घट्ट धरले होते.

आई दारात उभी होती. तिने त्याला बघितलं. मी तिच्याकडे बघत होते, म्हणून सांगते, तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही झालं नाही. ती आत गेली, स्वतः तबक घेतलं आणि म्हणाली, "चला गो पोरींनो, देव खोळंबलाय." आम्ही तिघींनी आरती म्हटली. कल्याणीला शब्द येत नव्हते. ती टाळ्या वाजवत होती. उसळ पुढे दोन दिवस आम्हीच खात होतो.

प्रकाश सदूकाकांकडे झोपला आणि तिथूनच मुंबईला गेला. विसर्जनाला मूर्ती आम्ही तिघींनी नेली. पऱ्याच्या कोंडीत, म्हणजे जिथे पाणी खोल साचतं तिथे, सगळे विसर्जन करून गेल्यावर. परतताना पाट डोक्यावर घेऊन आई पुढे चालत होती. इतकी ताठ की मला तिची भीती वाटली.

मग पोरांची गंमत सुरू झाली. त्यांना कोणी शिकवलं, की मोठ्यांचं बोलणं ऐकून त्यांनीच ठरवलं, मला माहीत नाही. सकाळी दार उघडावं तर गडग्यावर दोऱ्याला ओळीने चतुर बांधलेले. पंख उपटलेले, काही अजून पाय हलवणारे. बहुतेक शेतातले साधे पिवळे. मधेच एखादा काळा, पिवळ्या पट्ट्यांचा. कल्याणी एकेकाला सोडवायची. पंख नसलेल्या चतुराला सोडवून करायचं काय? ती त्यांना ओंजळीत घेऊन बसायची. आणि मग, मी स्वतः बघितलंय, उठून बरणी आणायची.

अनंत चतुर्दशी झाली, पावसाने दडी मारली, पऱ्या बारीक झाला. मी सुट्टीला जोडून रजा घेतली होती. एका दुपारी कल्याणी पळत आली. आईचा हात ओढून ती तशीच पऱ्याकडे वळली. आम्ही तिच्यामागे गेलो. लांबूनच वास आला, शाळेच्या टाकीला येतो तसा. विहिरीत टाकायची टीसीएल पावडर कोणीतरी वरच्या कोंडीत गोणीने ओतली होती. पाणी दुधट झालं होतं. मासे पोट वर करून तरंगत होते, खेकडे दगडांवर चढून तिथेच मेले होते, आणि काठाकाठाने, फेसात, जावयाची पिल्लं. एरवी दगडाखाली दडलेली, आता सगळी वर आलेली. कल्याणी कधी पाण्यात उतरली ते मला कळलं नाही. तिचे पाय लाल झाले होते. ती एकेक पिल्लू चिमट्याने उचलून बाटल्यांत भरत होती, बाटलीवर चिठ्ठी लावत होती, पुढची बाटली घेत होती.

"सोड बाय आता," आई म्हणाली.

"मावशी, अख्ख्या हंगामात मला एवढी मिळाली नव्हती." ती रडत होती. नाकातोंडातून पाणी गळत होतं, पण हात चालूच होता. "एवढी होती इथे. मला माहीतच नव्हतं, एवढी होती."

आई तिच्याकडे बघत राहिली. जसं आम्ही सगळ्यांनी त्या पिल्लाला मासा चावताना बघितलं होतं, तसं. मग खाली वाकून तिनेही वेचायला सुरुवात केली.

कल्याणी दोन दिवसांनी गेली. बाटल्या टॉवेलांत गुंडाळून तिने त्या तान्ह्या पोराला घ्यावं तशा छातीशी धरल्या होत्या. आईच्या पाया पडली. "येते मावशी." ती परत आली नाही. तिचे फोन येत राहिले, मग सणावारी आले, मग थांबले. मला तिचा राग येत नाही. त्या पायवाटेवर पुन्हा पाय ठेवायचं धैर्य मलाच दर वेळी गोळा करावं लागतं.

कापणीला कोणी आलं नाही. आई आणि मी जेवढं झालं तेवढं कापलं, बाकीचं भात उभ्या उभ्या झडलं. पाखरांची चैन झाली.

साकवाचं काम का थांबलं होतं, तेही पुढे कळलं. ज्याने काम घेतलं होतं त्याची यंत्रं दुसरीकडे अडकली होती. बस. पावसाळा सरल्यावर त्याची माणसं आली आणि वैशाखापर्यंत साकव उभा राहिला. कोणी चतुराचं नाव काढलं नाही. कुठल्याही कचेरीत त्याच्याबद्दल चिठ्ठीसुद्धा गेली नव्हती.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सदूकाका पुन्हा आमच्या खळ्यात आले. या वेळी पायरीवर बसले. किती म्हातारे झाले होते ते!

"वहिनी, झालं गेलं. देवळात ये, एक नारळ ठेव, चुकलं म्हन. सगळी वाट बघतायत."

मी उसळले. "काका, चुकलं कोणाचं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुला काय सांगू बाय. वैशाली गेली तवापासून मला कोनावर तरी ओरडायचं व्हतं. पऱ्यावर ओरडून बघितलं. पऱ्या ऐकत नाय."

आई गेली. नारळ ठेवला, चुकलं म्हणाली. बायकांनी तिला मिठ्या मारल्या, शेजारची म्हातारी तर तिला सोडेचना. दुसऱ्या दिवशी दुकानात मीठ होतं, गिरणीचा पट्टा दुरुस्त झाला होता. मला आईचा संताप आला होता. मी तिला म्हटलं, असं कसं तू विसरलीस? ती कुळीथ निवडत होती. "विसरले कोन म्हनतं? पन त्यांची सून गेली व्हती, बाय. नातू गेला व्हता." तिने सुपाला एक झटका दिला. "प्रकाशचं काय गेलं व्हतं?"

त्या वर्षीच्या गणपतीला प्रकाश बायकोमुलांना घेऊन आला. साकवावरून, हातात मोठ्या पिशव्या, तोंडभर हसत. सगळं मिटलं होतं ना! मी खळ्यातच होते. तो "आये" म्हणत पायऱ्या चढला. आईने हात पुसले, पदर नीट केला आणि म्हणाली, "या. बसा. प्रवास बरा झाला ना तुमचा?"

त्याला आधी वाटलं, ती थट्टा करतेय. तो हसला. आईने पाट मांडला, तांब्याभांडं ठेवलं. सुनेला "ये गो", नातवंडांना जवळ घेऊन पापे. प्रकाशला, "तुम्ही हातपाय धुऊन घ्या." ताटात पहिला मोदक त्याला, त्यावर तुपाची धार. "अजून वाढू का तुम्हाला?" आवाजात ना राग, ना टोमणा. गावच्या शाळेत साहेब तपासणीला आल्यावर शिक्षिका जशा बोलतात, अगदी तशी.

तेव्हापासून दर गणपतीत हेच. तो भांडला, रुसला, एक वर्ष आलाच नाही. न आल्याबद्दल आईने फोनवर विचारलं, "तुमची तब्येत बरी आहे ना?" गेल्या वर्षी आरतीची मंडळी आमच्याकडून उसळ खाऊन गेल्यावर तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसला. डोक्याचे केस पांढरे झालेला माणूस. आई भांडी आवरत होती.

"आये, मार मला. हाकलून दे. शिव्या घाल. पण एकदा 'अरे प्रकाश' म्हण."

तिच्या हातातलं पातेलं क्षणभर थांबलं. तिची पाठ आमच्याकडे होती. मग तिने पातेलं पालथं घातलं, माठातलं पाणी तांब्यात ओतलं आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरलं.

"घ्या," ती म्हणाली. "तुमचा घसा सुकला असेल."